अपडेट झालं की भरती-ओहोटीचं मॉड्यूल बंद: फोर्ट्रान आणि पायथनच्या सांध्याचं समस्या निवारण

जूनमध्ये कॉलेजं उघडतात, प्रयोगशाळेतली यंत्रं अपडेट होतात आणि त्याच आठवड्यात निरोप यायला लागतात: भरती-ओहोटीचं मॉड्यूल चालत नाही. कोणाला ‘नो मॉड्यूल नेम्ड भरती’ दिसतं, कोणाला ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’. फोंड्याच्या एखाद्या मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर ‘डीएलएल लोड फेल्ड’ येतं. मग कोणीतरी सांगतं, ‘परत कंपाइल कर’. केलं की सुरू होतं. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

परत कंपाइल करणं चुकीचं नाही. पण तेवढ्यावर काम भागतं, त्यामुळे नेमकं काय तुटलं होतं हे कोणी बघत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. कोड तोच असतो, एक ओळही बदललेली नसते. बदलतं ते त्याच्या भोवतीचं: पायथनची आवृत्ती, नमपायची (पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीची) आवृत्ती, सिस्टिमच्या लायब्रऱ्या, आणि कधी कधी आकडा किती बाइटचा धरायचा हा ठराव. या चारपैकी कुठला सांधा निखळला हे एरर मेसेज नीट वाचला तर बहुतेक वेळा कळतं. फक्त चौथा सांधा निखळला तर मेसेज येत नाही. तो सगळ्यात वाईट, त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

आधी हा कोड कशासाठी ते सांगतो. मूळ हिशेब फोर्ट्रान ७७ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला आहे. मुरगाव बंदरासाठी एम२, एस२, के१, ओ१ वगैरे भरतीच्या घटकांचे आयाम (लाट किती मोठी) आणि कला (लाट किती पुढे-मागे) घ्यायच्या, प्रत्येकाची कोसाइन लाट काढायची आणि बेरीज करून पाण्याची पातळी द्यायची. एम२ म्हणजे चंद्राचा मुख्य घटक, आवर्तन १२.४२ तासांचं, के१ दिवसातून एकदाचा, २३.९३ तासांचा. मांडवी-झुआरीच्या काठच्या खाजनांत, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या बांध घातलेल्या जमिनीत, बांधाला मानस (पाण्याची दारं) असते. भरतीच्या दाबाने तिची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. पाणी कधी आणि किती चढणार हे तिथे काम करणाऱ्याला आधी कळलं तर त्याचा उपयोग असतो. मुलं हाच कोड पायथनमधून बोलावतात, आलेख काढतात, पावसाच्या आकड्यांशी जोडून बघतात. ‘हा सगळा कोड पायथनमध्ये नव्याने लिहून टाकू’ असं अधूनमधून कोणीतरी सुचवतं. माझा त्याला विरोध आहे. वर्षानुवर्षं तपासून घासलेला हिशेब टाकून देण्याइतका हा सांधा कठीण नाही.

(एरर मेसेज आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्येच टाइप करा.)

‘नो मॉड्यूल नेम्ड’: फाइल समोर आहे, तरी सापडत नाही

एफटूपायने (फोर्ट्रान कोड पायथनला जोडून देणारं नमपायमधलं साधन) कोड कंपाइल केला की फोल्डरमध्ये साधारण अशी फाइल तयार होते: ‘भरती.सीपायथन-३१०-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ’. मधला लांबलचक भाग शोभेचा नाही. ही फाइल पायथन ३.१० साठी, ६४ बिटच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी, लिनक्ससाठी आहे असं तो सांगतो. लिनक्सवर नावात आवृत्ती लिहायची पद्धत पायथन ३.२ पासून आहे. विंडोजवर ३.५ पासून ‘सीपी३१०-विन_एएमडी६४.पीवायडी’ असा शेवट येतो.

आता यंत्रावर पायथन ३.१२ आलं की ते ‘३१२’ असं लिहिलेली फाइल शोधतं. ‘३१०’ ची फाइल त्याच्या डोळ्यांसमोर असते, पण ती आपली नाही असं धरून ते गप्प पुढे जातं. ‘आवृत्ती जुळत नाही’ असं म्हणत नाही, ‘मॉड्यूलच नाही’ म्हणतं. त्यामुळे लोक पाथ तपासत बसतात, फोल्डर हलवतात, आणि त्यात तासन्‌तास जातात.

तपासायची पद्धत सोपी आहे. पायथनमध्ये इम्पोर्टलिब.मशिनरी मधली ‘एक्स्टेन्शन_सफिक्सेस’ ही यादी छापा. हा इंटरप्रिटर कोणते शेवट स्वीकारतो ते दिसेल. तुमच्या फाइलीचा शेवट त्यात नसेल तर कारण मिळालं. आणखी खोलात जायचं असेल तर पायथन ‘-व्हीव्ही’ लावून चालवा, कुठली कुठली फाइल बघितली ते तो ओळीने सांगतो.

इथे एक मोह होतो, तो टाळा. लिनक्सवर यादीत साधा ‘.एसओ’ सुद्धा असतो, म्हणून मधला भाग खोडून फाइलीचं नाव ‘भरती.एसओ’ केलं की पायथन ती उघडतं. कधी ती चालतेही. पण आतला कोड जुन्या पायथनच्या रचनेसाठी बांधलेला आहे. नशीब चांगलं असेल तर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येईल, नाहीतर मध्येच सेगमेंटेशन फॉल्ट होऊन सगळं बंद पडेल. मधला भाग संरक्षणासाठी आहे, तो तसाच ठेवा.

याच मेसेजचं दुसरं कारण म्हणजे एका यंत्रावर दोन-तीन पायथन असणं. कंपाइल एकाने होतं, चालवताना दुसरं. नुसतं ‘पिप’ (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) किंवा नुसतं ‘एफटूपाय’ म्हणू नका. ‘पायथन -एम पिप’ आणि ‘पायथन -एम नमपाय.एफटूपाय’ असं लिहिलं की ज्या पायथनने चालवायचं त्यानेच बांधलं जातं. ही एक सवय लावली तरी निम्मे निरोप थांबतात, हे मी अनुभवाने सांगतो.

‘डझ नॉट डिफाइन मॉड्यूल एक्स्पोर्ट फंक्शन’

हा मेसेज छोटा आणि त्याचं उत्तरही छोटं. पायथन फाइल उघडल्यावर तिच्यात ‘पायइनिट_’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव अशा नावाचं फंक्शन शोधतं. फाइलीचं नाव ‘भरती’ आणि बांधताना ‘-एम’ पुढे दिलेलं नाव ‘टाइड’, तर ते सापडणार कसं? नाव बदलायचं असेल तर नव्या नावाने पुन्हा बांधा, फाइल रिनेम करू नका. सी++ मध्ये हाताने लिहिणाऱ्यांनी ते फंक्शन ‘एक्स्टर्न सी’ मध्ये आहे का बघावं. ‘पायमॉडइनिट_फंक’ हा मॅक्रो वापरला तर ते आपोआप होतं. नाहीतर सी++ कंपाइलर नावाला स्वतःची शेपटी जोडतो आणि पायथनला ते ओळखू येत नाही.

‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ आणि ‘डीएलएल लोड फेल्ड’

इथे तुमचं मॉड्यूल सापडलेलं असतं. त्याला जी दुसरी लायब्ररी लागते ती सापडत नसते. विंडोजवरचा मेसेज याबाबतीत दिशाभूल करतो. ‘स्पेसिफाइड मॉड्यूल सापडलं नाही’ असं वाचून लोक ‘भरती’ची फाइल शोधतात. ती असते. नसते ती तिच्यामागची डीएलएल, म्हणजे विंडोजवरची लायब्ररी.

फोर्ट्रानच्या बाबतीत संशयित बहुधा एकच: लिबजीफोर्ट्रान, जीफोर्ट्रान कंपाइलरची लायब्ररी. तिच्या नावातला आकडा जीसीसीच्या (जीफोर्ट्रान ज्या कंपाइलर-संचात येतो त्याच्या) आवृत्तीबरोबर बदललेला आहे. जीसीसी ७ मध्ये तो ४ होता, ८ पासून ५ आहे, त्याआधी बराच काळ ३ होता. म्हणून जुन्या यंत्रावर बांधलेलं मॉड्यूल नव्या यंत्रावर ‘लिबजीफोर्ट्रान.एसओ.३’ मागतं आणि ती तिथे नसते. ‘एलडीडी’ कमांडला मॉड्यूलची फाइल द्या. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ लिहिलेलं येईल ती लायब्ररी गायब आहे. मॅकवर याच कामाला ‘ओटूल -एल’, त्यातला एल मोठ्या लिपीतला. मॅकवर ‘इन्कम्पॅटिबल आर्किटेक्चर’ आलं तर इंटेल मॅकवर बांधलेली फाइल ॲपल सिलिकॉनवर चालवली जात आहे, किंवा उलट. ते मात्र पुन्हा बांधूनच सुटेल.

विंडोजवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शन मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल ‘पाथ’ मध्ये शोधल्या जात नाहीत. पूर्वी मिनजीडब्ल्यूचं (विंडोजवरच्या जीसीसीचं) फोल्डर पाथमध्ये टाकलं की भागायचं. जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून तेच लिहिलेलं असतं आणि मुलं ते करून थकतात. आता इम्पोर्टच्या आधी ‘ओएस.ॲड_डीएलएल_डिरेक्टरी’ ने ते फोल्डर दाखवावं लागतं, किंवा लागणाऱ्या डीएलएल मॉड्यूलच्या शेजारीच ठेवाव्या लागतात.

लिनक्सवर ‘व्हर्जन ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड’ अशा प्रकारचा मेसेज आला तर बांधलेलं यंत्र चालवणाऱ्या यंत्रापेक्षा नवं आहे. ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. उबुंटू २२.०४ मध्ये ग्लिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. दिशा एवढी एकच. ग्लिबसी हाताने अपडेट करायला जाऊ नका, सगळी सिस्टिम हातची जाईल. जमेल तितक्या जुन्या यंत्रावर बांधा.

‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ असं वेगळं नाव दिसलं तर ते सी++ च्या लायब्ररीबद्दल आहे. बहुतेक वेळा कोंडाच्या (पायथन आणि त्याची पॅकेजं सिस्टिमपासून वेगळी ठेवणाऱ्या साधनाच्या) वातावरणातली जुनी लिबएसटीडीसी++ आधी उचलली गेलेली असते, आणि मॉड्यूल सिस्टिमच्या नव्या कंपाइलरने बांधलेलं असतं. कोंडात चालवायचं तर कंपाइलरही कोंडाचाच घ्या. दोन घरचं सामान मिसळलं की हे होणारच.

नमपाय २ आणि डिस्टयुटिल्स

गेल्या काही वर्षांतले बरेचसे निरोप या दोन बदलांमुळे आले. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि त्यात बायनरी पातळीवरची जुळणी बदलली. नमपाय १ वर बांधलेलं मॉड्यूल नमपाय २ वर चालत नाही. मेसेज तसं सरळ सांगतोही. त्यावर ‘नमपाय २ च्या खालची आवृत्ती टाका’ हा तात्पुरता उपाय आहे. तो वापरा, पण त्यावर थांबू नका. उलट दिशेची सोय नमपायने करून ठेवली आहे: नमपाय २ वर बांधलेलं मॉड्यूल नमपाय १ च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतं. म्हणून बांधताना नमपाय २ घ्या. दोन्ही प्रकारच्या यंत्रांचा प्रश्न एका फाइलीत मिटतो.

दुसरा बदल बांधकामाच्या वेळचा. पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल बांधण्याचं जुनं साधन काढून टाकलं. जुन्या ‘सेटअप.पीवाय’ फाइली नमपायच्या डिस्टयुटिल्सवर उभ्या होत्या, त्या तिथेच कोसळतात. पायथन ३.१२ पासून एफटूपाय मेसॉन हे बांधकामाचं साधन वापरतं. म्हणून आधी ‘मेसॉन’ आणि ‘निन्जा’ पिपने बसवा. ते नसतील तर एफटूपायचा मेसेज कंपाइलरबद्दल आहे असं वाटतं आणि मुलं जीफोर्ट्रान पुन्हा पुन्हा बसवत राहतात.

एरर नाही, पण आकडे चुकीचे

वरचे सगळे प्रश्न परवडले, कारण त्यात काम थांबतं. इथे काम चालू राहतं, आलेख निघतो, आणि तो खोटा असतो. मानशीकडे उभ्या असलेल्या माणसाला ओहोटी सांगितली आणि पाणी चढत असलं, तर त्याची जबाबदारी कोड देणाऱ्यावरच येते. म्हणून हा भाग कृपया घाईत वाचू नका.

फोर्ट्रानमध्ये नुसतं ‘रिअल’ लिहिलं की ४ बाइटचा आकडा होतो. त्यात साधारण ७ अंक नेमके राहतात. भरतीच्या कोडमध्ये वेळ बऱ्याचदा ज्युलियन दिवसांत (सलग मोजत आलेल्या दिवसांच्या क्रमांकात) असते, म्हणजे २४६०००० च्या पुढचा आकडा. त्या आकाराच्या संख्येसाठी ४ बाइटच्या रिअलमधली सगळ्यात लहान पायरी ०.२५ आहे, म्हणजे पाव दिवस, सहा तास. तुम्ही तासातासाची पातळी मागा, कोडला दिसणारी वेळ सहा तासांनीच पुढे सरकते. वेळ जवळच्या पायरीला जाते, म्हणजे चूक तीन तासांपर्यंत. आणि एम२ च्या चक्रात तीन तास म्हणजे जवळजवळ पाव फेरा. पूर्ण भरतीच्या जागी मधली पातळी दिसू शकते.

मूळ प्रोग्राम तर बरोबर उत्तर द्यायचा, मग आता हे कुठून आलं? उत्तर जुन्या मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं त्या सूचनांच्या फाइलीत) असतं. तिथे ‘-एफडिफॉल्ट-रिअल-८’ हा पर्याय दिलेला असतो. त्याने सगळे ‘रिअल’ ८ बाइटचे होतात. एफटूपायने बांधताना तो पर्याय कोणाच्या लक्षात येत नाही, आणि कोड मुकाट्याने ४ बाइटवर उतरतो.

मग कोणीतरी हुशारीने तो पर्याय एफटूपायच्या कमांडलाही जोडतं. त्याने गोष्ट आणखी बिघडते. कंपाइलर आता ८ बाइट धरतो, पण एफटूपायने सोर्समध्ये ‘रिअल’ वाचून ४ बाइटचं वेष्टन (पायथन आणि फोर्ट्रानमधला जोड-कोड) लिहिलेलं असतं. दोघांचा ठराव वेगळा झाला. पातळी म्हणून १० चा ३०वा घात असला भलता आकडा येतो, किंवा शेजारची मेमरी पुसली जाऊन कुठेतरी भलतीकडेच प्रोग्राम कोसळतो.

खरा उपाय सोर्समध्ये आहे. प्रत्येक ‘रिअल’च्या जागी ‘डबल प्रिसिजन’ स्पष्ट लिहा, कोडमधल्या दशांश स्थिरांकांना शेवटी ‘डी०’ जोडा, आणि तो पर्याय मेकफाइलमधूनही काढून टाका. काढायला विसरू नका: तो राहिला तर जीफोर्ट्रान ‘डबल प्रिसिजन’ला १६ बाइटवर नेतो आणि गोंधळ नव्याने सुरू होतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

याच्याच जवळचा दुसरा प्रकार: फंक्शन बोलावलं, एरर नाही, आणि उत्तराचा ॲरे शून्यांचाच राहिला. मजा म्हणजे वर्गातल्या एकाच्या यंत्रावर तोच कोड बरोबर चालतो. कारण असं, की फोर्ट्रानच्या आर्ग्युमेंटपुढे ‘इन्टेन्ट’ लिहिलेला नसेल तर एफटूपाय ते फक्त आत जाणारं धरतं. तुम्ही दिलेला ॲरे नेमक्या प्रकारचा आणि सलग मेमरीतला असेल तर तो थेट जातो आणि फोर्ट्रान त्यात लिहितो, उत्तर दिसतं. पण तो ४ बाइटचा असेल, एकाआड एक घेतलेला तुकडा असेल, किंवा दोन मिती असून सीच्या क्रमात ओळीओळीने मांडलेला असेल, तर एफटूपाय त्याची प्रत काढतं. फोर्ट्रान त्या प्रतीत लिहितो, प्रत फेकली जाते, तुमच्या हातात मूळचे शून्य राहतात. उत्तर परत येणार असलेल्या प्रत्येक ॲरेला ‘इन्टेन्ट आउट’ लिहा. मग तो फंक्शनचं उत्तर म्हणून पायथनमध्ये परत येतो आणि हा प्रश्न संपतो.

आणि ज्युपिटर वहीचा कर्नल (वहीमागे चालणारं पायथन) काही न बोलता बंद पडत असेल, तर सोर्समध्ये ‘स्टॉप’ शोधा. जुन्या फोर्ट्रानमध्ये चुकीची तारीख आली की ‘स्टॉप’ लिहायची पद्धत होती. मॉड्यूलच्या आत तो ‘स्टॉप’ सगळं पायथनच बंद करतो. त्याच्या जागी एक एरर क्रमांक परत द्या आणि पायथनमध्ये तो तपासा. ‘स्टॉप’ नसूनही कोसळत असेल तर ‘-एक्स फॉल्टहँडलर’ लावून चालवा, कोसळताना पायथनची कुठली ओळ चालू होती ते कळेल.

पुढच्या जूनला निरोप येऊ नये म्हणून

फोल्डरमधली एसओ फाइल पेन ड्राइव्हवरून एकमेकांना देणं बंद करा. व्हील, म्हणजे पिपने बसवायचं तयार पॅकेज, बनवा. ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ मध्ये बांधकामासाठी मेसॉन-पायथन आणि नमपाय २ ची अट लिहा. व्हीलच्या नावातच पायथनची आवृत्ती असते, त्यामुळे चुकीच्या यंत्रावर पिप ते बसवायलाच नकार देतं, आणि का ते सांगतं. लिनक्ससाठी मेनीलिनक्स२०१४ च्या कंटेनरमध्ये (व्हील बांधण्यासाठीच्या तयार जुन्या लिनक्स वातावरणात) बांधा. त्यात ग्लिबसी २.१७ आहे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या यंत्रावरही चालेल. नंतर ‘ऑडिटव्हील रिपेअर’ चालवलं की लिबजीफोर्ट्रान व्हीलच्या आतच ठेवली जाते. मॅकवर तेच काम डेलोकेट करतं, विंडोजवर डेल्व्हव्हील.

फंक्शनं दोन-चारच असतील, तर माझं मत आणखी पुढे जातं: एफटूपाय सोडा. फोर्ट्रानमध्ये ‘बाइंड सी’ आणि ‘आयएसओ_सी_बाइंडिंग’ मधले प्रकार वापरून साधी शेअर्ड लायब्ररी बांधा आणि पायथनमधून सीटाइप्सने (सीच्या पद्धतीच्या लायब्ररी बोलावणारं पायथनचं मॉड्यूल) बोलवा. त्या लायब्ररीला पायथनची आवृत्ती माहीतच नसते, नमपायचीही नसते, म्हणून त्यांच्या अपडेटने ती बंद पडत नाही. ‘सी_डबल’ लिहावंच लागतं, त्यामुळे बाइटचा घोळही आपसूक टळतो. बदल्यात आर्ग्युमेंटचे प्रकार पायथनच्या बाजूला हाताने लिहावे लागतात, आणि ते चुकले तर कोणी सावध करत नाही. चार फंक्शनांसाठी ही किंमत मला योग्य वाटते, चाळीससाठी नाही. सीमध्ये लिहिणाऱ्यांना तिसरी वाटही आहे: ‘पाय_लिमिटेड_एपीआय’ ठरवून बांधलेलं ‘एबीआय३’ मॉड्यूल एकाच फाइलीवर पायथनच्या पुढच्या आवृत्त्यांतही चालतं.

यातलं काहीही निवडलं तरी एक चाचणी फाइल सोबत द्या. मूळ फोर्ट्रान प्रोग्राम स्वतंत्रपणे चालवून एका पौर्णिमेच्या आणि एका अष्टमीच्या दिवसाच्या तासातासाच्या पातळ्या काढून ठेवा, आणि मॉड्यूल बसवल्याबरोबर त्यांच्याशी ताडून बघा. फरक एक मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर चाचणी नापास. भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मुरगावच्या भरती तक्त्याशीही एकदा ताडा. तिथे काही मिनिटांचा फरक चालेल, तासांचा नाही.

इतकं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल, तर स्क्रीनचा अर्धा फोटो पाठवू नका. पूर्ण एरर मजकूर म्हणून पाठवा, शेवटच्या ओळीसकट. सोबत पायथन आणि नमपायच्या आवृत्त्या, ‘सिस.एक्झिक्युटेबल’ काय छापतं ते, मॉड्यूलच्या फाइलीचं संपूर्ण नाव, ‘एलडीडी’चं उत्तर, आणि ते मॉड्यूल कुठल्या यंत्रावर कुठल्या कमांडने बांधलं होतं ती ओळ.